टाके निघेपर्यंत

सलाईनची बाटली बदलण्यासाठी वॉर्डातल्या मामांनी हात वर नेला, आणि खाटेवर डोळे अर्धवट मिटून पडलेल्या सतरा वर्षांच्या मुलाने कोपर उचलून डोके झाकून घेतले. मामांचा हात स्टँडकडे चालला होता. क्षणभराने ते त्याच्या लक्षात आले, त्याने कोपर हळूच खाली घेतले आणि कोणी पाहिले तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे नजर फिरवली. मी पाहिले होते. समोरच्या टेबलापाशी दुसऱ्याच एका रुग्णाची योजनेची कागदपत्रे जुळवत मी उभी होते.

सोलापुरातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी समाजसेवा अधीक्षक आहे. महात्मा जोतिराव फुले योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड जुळवणे, बेवारस रुग्णाच्या नातेवाइकांचा शोध घेणे, रक्ताची सोय करणे, गावी परतायला गाडीभाडे नसलेल्याची तजवीज करणे, अशा कामांत माझा दिवस जातो. अपघात विभागात, म्हणजे सगळे ज्याला कॅज्युअल्टी म्हणतात तिथे, दिवसातून दोन-तीन फेऱ्या होतात. त्या मुलाच्या केसपेपरवर ‘काच लागून उजव्या हाताला जखम’ एवढीच नोंद होती आणि हाताला सात टाके पडले होते. काच कशी लागली, असे विचारल्यावर तो म्हणाला, “काय नाही ओ मॅडम, राग आला, मारला हात खिडकीवर.” राग कशाचा, ते त्याने सांगितले नाही. “लहानपणापासून तापटच आहे हा,” आई म्हणाली, आणि थोड्या वेळाने, मी काही विचारलेले नसताना, “बाप बी असाच होता,” एवढेच बोलून ती औषधे आणायला गेली.

ते कोपर, ते वाक्य आणि ती काच या तीन गोष्टी मी मनात एकत्र ठेवल्या आणि एका कागदावर लिहिले, ‘मानसोपचार ओपीडी, सोमवार, सकाळी नऊ ते बारा.’ कागद त्याच्या हातात दिला, तिथले डॉक्टर चांगले आहेत, मोकळेपणाने बोल, नक्की ये, असे सांगितले. त्याने मान हलवली आणि चिठ्ठीची चौघडी करून पाकिटात ठेवली. त्या संध्याकाळी घरी जाताना माझ्या मनाला समाधान होते.

पाच महिन्यांनी दोघांनी त्याला उचलून आणला. त्याने स्वतःला काय केले होते ते इथे लिहिण्याचे कारण नाही. तीन दिवस अतिदक्षता विभागात राहून तो वाचला. त्याचे सामान आईच्या ताब्यात देताना पाकिटाच्या कप्प्यात माझी चिठ्ठी निघाली. घड्यांवर ती फाटायला आली होती, घामाने शाई पसरली होती आणि ‘सोमवार’मधला ‘सो’ पुसून गेला होता. पाच महिने त्याने ती जवळ बाळगली होती.

तो बोलण्याच्या स्थितीत आल्यावर मी विचारले, “आला का नाहीस रे?”

“आलो होतो की मॅडम. दोनदा.”

पहिल्यांदा तो केसपेपरच्या रांगेत उभा राहिला. खिडकीशी पोहोचल्यावर त्याने चिठ्ठी आत सरकवली. आतल्या माणसाने ती वाचली आणि रोज शेकडो वेळा विचारावे तशा आवाजात विचारले, “मानसोपचार का?” रांगेत त्याच्या मागे तो ज्या यंत्रमाग कारखान्यात कांड्या भरायचा तिथला जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा माणूस, उभा होता. मुलगा म्हणाला, “नाही, हाताचं दाखवायचंय,” आणि निघून गेला. दुसऱ्यांदा तो ओपीडीच्या बाकापर्यंत पोहोचला, तासभर बसला, पण कारखान्यातल्या पाळीची वेळ झाली तेव्हा उठून गेला, कारण खाडा पडला तर घरी जाब द्यावा लागला असता. मला सर्वांत जास्त लागले ते मात्र यानंतर कळले. हाताच्या ड्रेसिंगसाठी तो चार वेळा आला होता आणि पाचव्या वेळी येऊन टाके काढून गेला होता. ड्रेसिंगची खोली माझ्या टेबलापासून चाळीस पावलांवर आहे. पाच वेळा तो चाळीस पावलांवर येऊन गेला आणि मी माझी चिठ्ठी पोहोचली असेल असे धरून बसले होते.

तेव्हापासून या विषयाने मला सोडलेले नाही. कॅज्युअल्टीत येणाऱ्या पंधरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. भांडणात डोके फुटलेला, गाडीवरून तिसऱ्यांदा पडलेला, दारू पिऊन आणलेला, ‘जिन्यावरून पडले’ असे सांगणारी, पोटात दुखते म्हणून महिन्यातून दोनदा येणारी आणि प्रत्येक वेळी सोनोग्राफी नॉर्मल निघणारी, अशा सगळ्यांना आपण त्या त्या दिवशीची केस समजतो. ज्या घरात हात केव्हा उठेल याचा नेम नसतो, त्या घरातले मूल अक्षरओळखीच्या आधी पावलांचा आवाज ओळखायला शिकते. चप्पल कशी काढली, कडी कशी वाजली, यावरून आजची रात्र कशी जाणार ते त्याला कळते. मेंदूतला धोका टिपणारा भाग, ज्याला अमिग्डाला म्हणतात, अशा मुलांत सतत जागा राहतो, आणि ताण आल्यावर स्रवणारे कॉर्टिसॉल वर्षानुवर्षे शरीराला कामाला जुंपून ठेवते. घरातला धोका टळला, बाप गेला किंवा मूल मोठे झाले, तरी शरीर ही राखण सोडत नाही. अशा मुलासाठी कॅज्युअल्टी ही फार कठीण जागा आहे, कारण तिथे अनोळखी माणसे न विचारता अंगाला हात लावतात, कात्रीने शर्ट कापतात, डोळ्यांवर दिवा धरतात आणि एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद झाली की खाकी कपड्यांतला माणूस उशाशी येऊन नाव-पत्ता विचारतो. मग मुलगा उद्धटपणे बोलतो, हात झटकतो, डामा घेऊन म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून निघून जातो, आणि आपण म्हणतो की हल्लीच्या पोरांना काही सांगायची सोय राहिली नाही.

याला फार मोठा पुरावा आहे. अमेरिकेत सॅन डिएगो येथे १९९५ ते १९९७ या काळात १७ हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारण्यात आले. घरात मारहाण होती का, आईला मार बसत होता का, लैंगिक अत्याचार झाला का, घरात कोणी व्यसनी किंवा तुरुंगात होते का, असे ते प्रश्न होते. विन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा यांचा त्यावरचा पहिला निबंध १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा चार किंवा अधिक प्रकारच्या अनुभवांतून गेलेल्यांमध्ये दारू, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट दिसला. आपल्याकडे केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील १२ हजार ४४७ मुलांशी बोलून केलेला अभ्यास जाहीर केला, तेव्हा दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मारहाण झाल्याचे सांगितले होते आणि निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले होते. हे आकडे वाचल्यावर मला त्या कोपराचे आश्चर्य वाटेनासे झाले. आम्ही रोज इतकी कोपरे पाहत असताना त्यांची नोंद कुठल्याच कागदावर का होत नाही, याचे आश्चर्य वाटू लागले.

नोंद न होण्यामागे भीती आहे, आणि ती समजून घेतली पाहिजे. मुलाने स्वतःला इजा केली असेल तर नातेवाईक पहिल्या मिनिटापासून गोष्ट बदलून सांगतात, कारण पोलीस केस होईल, मुलगा तुरुंगात जाईल असे त्यांना वाटते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ११५ मी अशा किती आयांना वाचून दाखवले आहे याची गणती नाही. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे कायदा गृहीत धरतो, तिला शिक्षा करता येत नाही, उलट तिच्यावर उपचार करणे आणि तसा प्रसंग पुन्हा येऊ नये यासाठी तिची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या कलम ३०९ सारखे सरसकट गुन्हा ठरवणारे कलमही उरलेले नाही. हे ऐकल्यावर आईचे खांदे खाली येतात आणि मग खरी गोष्ट बाहेर पडते.

दुसरी भीती माझी आहे. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. मी आधी विश्वास मिळवायचा, मुलाने इतकी वर्षे कोंडून ठेवलेले सांगायचे आणि मग मी म्हणायचे की आता हे मला कळवावे लागेल, हा क्रम मला विश्वासघाताचा वाटतो. म्हणून अल्पवयीन मुलाशी बोलायला बसताना मी सुरुवातीलाच सांगते की बहुतेक गोष्टी आपल्या दोघांत राहतील, पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुझ्याशी तसे वागले असेल तर मला आणखी माणसांना सोबत घ्यावे लागेल, आणि तसे करताना आधी तुला सांगेन. हे ऐकून काही मुले गप्प बसतात. गप्प बसणे हा त्यांचा हक्क आहे, असे मी आता मानते. जबरदस्तीने वदवून घेणे हीसुद्धा त्यांच्या ओळखीची जबरदस्तीच असते, आणि रात्री अकरा वाजता कॅज्युअल्टीच्या पडद्याआड कोणाचे बालपण उलगडायचे नसते. तिथे फक्त एवढेच पाहायचे असते की हे मूल सोमवारी योग्य माणसासमोर बसेल ना.

मी तिथे एकच प्रश्न आवर्जून विचारते, “आज घरी गेल्यावर दार कोण उघडेल?” बहुतेक जण पटकन आई, आजी, भाऊ असे सांगतात. ज्यांना उत्तर द्यायला वेळ लागतो, त्यांच्यापाशी मी खुर्ची ओढून बसते.

गेल्या पावसाळ्यात शहराच्या पूर्व भागातून एका एकोणीस वर्षांच्या मुलीला आणले होते. तिला झटके आले होते आणि पडून भुवईवर खोक पडली होती. असे झटके तिला दोन वर्षांपासून यायचे. डोक्याचा स्कॅन नॉर्मल, ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेखही नॉर्मल, त्यामुळे घरच्यांनी बाहेरचे झाले म्हणून अंगारे-धुपारे केले आणि दवाखान्यांतून ‘नाटक करते’ असे शेरे मिळाले. तिला खरेच झटका आला आहे का हे पाहण्यासाठी एका ठिकाणी जोरात चिमटा काढला होता, त्याचा काळा-निळा डाग दंडावर होता. मेंदूतल्या विजेच्या बिघाडाशिवाय येणारे असे झटके खरे असतात. त्या व्यक्तीच्या इच्छेने ते येत नाहीत आणि इच्छेने थांबत नाहीत. लहानपणी सोसलेल्या अत्याचाराशी त्यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. शरीराला जेव्हा पळताही येत नाही आणि प्रतिकारही करता येत नाही, तेव्हा ते जणू तिथून निघून जायला शिकते, आणि ती सवय पुढेही राहते.

तिचे घर विडीवर चालते. तेलुगू ही तिची घरची भाषा. जखमेला सुई लागली तेव्हा ती “अम्मा” म्हणून ओरडली, आणि मी मला येणाऱ्या चार तेलुगू शब्दांपैकी दोन वापरून “एमैंदी, भयमा?” असे विचारले, तेव्हा पहिल्यांदा तिने माझ्याकडे पाहिले. आमच्या वॉर्डातल्या एका मावशी उत्तम तेलुगू बोलतात, पण त्या तिच्याच भागात राहतात, आणि त्यांना दुभाषी म्हणून बोलावले असते तर केसपेपरच्या खिडकीवर घडले तेच पुन्हा घडले असते. म्हणून आम्ही मोडक्या मराठीत आणि मोडक्या तेलुगूत बोललो. बोलताना तिची बोटे थांबत नव्हती. चादरीचे टोक चिमटीत धरून ती ते गुंडाळायची, टोक आत दुमडायची, अंगठ्याने दाबायची, सोडून द्यायची आणि पुन्हा गुंडाळायची. दिवसाला शेकडो विड्या वळणारे हात रिकामे राहू शकत नव्हते. ती मला काय म्हणाली ते तिचे आहे, म्हणून ते इथे येणार नाही.

त्या मुलाने मला शिकवलेले सगळे मी तिच्या वेळी वापरले. पहिली गोष्ट म्हणजे मी तिला चिठ्ठी दिली नाही. मानसोपचार विभागातल्या निवासी डॉक्टर मॅडमना कॉल देऊन खाटेपाशी बोलावले, म्हणजे सोमवारी तिला एक ओळखीचा चेहरा भेटणार होता. केसपेपर आदल्या दिवशी मी स्वतः काढून ठेवला. आणि तिसरी गोष्ट, जिचे महत्त्व मला उशिरा कळले, ती म्हणजे भेटीची वेळ आम्ही ड्रेसिंगला जोडली. पट्टी बांधलेल्या माणसाला दवाखान्यात का चाललास असे गल्लीत कोणी विचारत नाही. जखम हा एक परवाना असतो. तो परवाना असेपर्यंत मुलीला घरातून एकटे निघता येते, मुलाला पाळीतून दोन तास मागता येतात, आईला नवऱ्यासमोर गाडीभाडे मागता येते. टाके निघाले की परवाना संपतो. हातावरचे टाके दहा-बारा दिवस राहतात, चेहऱ्यावरचे मात्र पाच-सहा दिवसांतच काढतात. तिच्या बाबतीत माझ्या हाती पाच दिवस होते. तेवढ्या दिवसांत ड्रेसिंगच्या खोलीतून पलीकडच्या जिन्याने वर जाणे तिच्या पायांच्या सवयीचे व्हायला हवे होते.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली मोठी कल्पना नव्हे. नुसते सांगणे आणि सोबत राहणे यांत किती अंतर आहे, ते जागतिक आरोग्य संघटनेच्या एका अभ्यासाने २००८ मध्ये दाखवून दिले आहे. त्यात चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणच्या आपत्कालीन विभागांत आत्महत्येच्या प्रयत्नानंतर आलेल्या १ हजार ८६७ रुग्णांचा समावेश होता. अर्ध्या रुग्णांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी त्यासोबत तासभर नीट बोलणे झाले आणि पुढच्या १८ महिन्यांत नऊ वेळा, फोनवर किंवा घरी जाऊन, त्यांची विचारपूस झाली. त्यात महागडे औषध नव्हते की नवे यंत्र नव्हते. अठरा महिन्यांनंतर पहिल्या गटात २.२ टक्के रुग्णांनी आत्महत्या केलेली होती, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण ०.२ टक्के होते. त्या नऊ भेटींपैकी पहिली आठवड्याभरातच होती, आणि ती लवकर असण्याचे कारण मला ते पाच दिवस मोजताना समजले.

तेव्हापासून मी एक वही ठेवते. फोन करण्याच्या तारखा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे फोन कोणाच्या हातात असतो, कोणत्या वेळी केलेला बरा, आणि दुसऱ्याने उचलला तर काय बोलायचे, हे रुग्णाने स्वतः सांगितलेले त्यात लिहिलेले असते. खोटे मात्र बोलायचे नाही, कारण खोटे उघडे पडले की त्याची किंमत मुलाला मोजावी लागते. माझी सुट्टी असताना किंवा मध्यरात्री मन बिघडले तर काय करायचे, म्हणून प्रत्येकाच्या फोनमध्ये टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक मी समोर बसून साठवून घेते. २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा निःशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. लहान मुलांसाठी १०९८ आहे. हे क्रमांक भिंतीवरच्या फलकावर आधीपासूनच आहेत, पण फलकाकडे पाहत उभे राहायला अशा मुलाला लाज वाटते.

सगळे नीट चालले आहे असे कोणी समजू नये. निवासी डॉक्टरांची बदली होते, मग ओळखीचा चेहरा जातो आणि मुले गळतात. कुंभारीजवळच्या विडी घरकुल या कामगार वसाहतीतून सकाळच्या ओपीडीला यायचे म्हणजे विडी कामगार बाईचा अर्धा दिवस जातो, आणि तिची मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने ठरते, त्यामुळे मुलीच्या प्रत्येक भेटीचा खर्च घरात विड्यांमध्ये मोजला जातो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातला एक मुलगा माझ्या वहीत आहे, त्याचा फोन दिवाळीपासून बंद आहे. पुढचा हंगाम संपेपर्यंत मी त्याच्या नावावर रेघ मारणार नाही. आणि ज्या मुलाच्या चिठ्ठीपासून हे सुरू झाले, तो आता औषधे घेतो, मधूनच सोडतो, पुन्हा येतो. केसपेपर मीच काढून ठेवते, त्यामुळे त्याला खिडकीशी जावे लागत नाही. परवा त्याच्या खांद्यामागची खिडकी लावण्यासाठी मी हात लांब केला, तेव्हा त्याचे कोपर थोडेसे हलले आणि मांडीवरच राहिले.

त्या मुलीचे टाके पाचव्या दिवशी, शुक्रवारी निघाले. तोपर्यंत ती दोनदा जिना चढून डॉक्टर मॅडमना भेटली होती. पुढच्या सोमवारी ती आली नाही. मी फोन केला तो भावाने उचलला. दवाखान्यातून बोलतेय, तिची तपासणी राहिली आहे, असे मी सांगितले, आणि ते खरेच होते. तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला. ती त्या आठवड्यात आली नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही.

तिसऱ्या सोमवारी साडेनऊला मी वर गेले तेव्हा ती बाकावर बसली होती. भुवईवर एक गुलाबी रेघ उरली होती, पट्टी नव्हती. आईला काय सांगून निघालीस, असे मी विचारले नाही. डॉक्टर मॅडम वॉर्डात अडकल्या होत्या, त्यांना यायला अर्धा तास तरी लागणार होता, आणि हे तिला सांगताना माझ्या मनात आले की आता ती उठणार. तिने पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने काढली, कात्री काढली, पत्र्याचे माप मांडीवर ठेवले.

“असू दे मॅडम,” ती म्हणाली, “तेवढ्यात पानं कापून होतील.”